नाव लागणे

नोव्हेंबर हा देशभर दत्तक जनजागृतीचा महिना म्हणून साजरा होतो. शहरांत फलक लागतात, कार्यक्रम होतात, मूल नसलेल्या जोडप्यांना दत्तक घेण्याचे आवाहन केले जाते. पण हे आवाहन ज्यांच्यासाठी आहे, ती माणसे आधीच रांगेत उभी आहेत. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजे सगळे ज्याला ‘कारा’ म्हणतात, तिथे नोंदणी करून थांबलेली कुटुंबे 35 हजारांच्या वर आहेत. कायद्याने दत्तक देण्यास मोकळी ठरलेली मुले मात्र अडीच हजारांच्या आसपास. 2024-25 या वर्षात देशात 4,515 मुलांना दत्तक घर मिळाले आणि हा तोवरचा अलीकडच्या काळातला सर्वात मोठा आकडा होता. तरीही लहान बाळासाठी सरासरी साडेतीन वर्षे वाट पाहावी लागते. दत्तक देण्यात महाराष्ट्र वर्षानुवर्षे देशात आघाडीवर असतो, तरी इथलीही रांग हलत नाही. घेणाऱ्यांची वाण कुठेच नाही. मग जागृती करायची ती कोणाची? माझ्या मते ती दुसऱ्या टोकाला व्हायला हवी. जिथे नको असलेली बाळंतपणे गुपचूप होतात, जिथे आई-बाप गेलेले पोर मामाच्या घरी वाढते, जिथे एखादे बाळ चार माणसांच्या साक्षीने कोणाच्या तरी ओटीत घातले जाते, तिथे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या वायव्य टोकाचा, कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या कुशीतला अकोले तालुका हे असेच एक ठिकाण. दत्तकाचा कायदा जिल्ह्याच्या गावी पोहोचला, पण राजूर-कोतूळच्या वाटेने वर चढलेला नाही.

आधी शब्दच पाहू. दत्तक घेण्याला आपण ‘मांडीवर घेणे’ म्हणतो आणि देण्याला ‘ओटीत घालणे’. दोन्ही शब्द मायेचे आहेत आणि दोन्हींमध्ये मूल उचलून ठेवण्याची वस्तू आहे. मराठी मनात दत्तकाची जी प्रतिमा बसली ती राजवाड्यातली. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा एक शेतकऱ्याचा मुलगा 1875 मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला. कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव 1884 मध्ये कोल्हापूरला दत्तक गेला आणि शाहू महाराज झाला. त्याआधी डलहौसीने दत्तक नामंजूर करून साताऱ्याचे राज्य खालसा केले होते, ते साल 1848. या सगळ्या गोष्टींत प्रश्न एकच आहे: गादीला वारस कोण? ज्या अहिल्यादेवींचे नाव आता या जिल्ह्याला आहे, त्यांच्या आयुष्यातही तो प्रसंग आला होता. मुलगा मालेराव गेल्यावर दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूडांनी त्यांना एखादे मूल दत्तक घ्या असे सुचवले. बाळ गादीवर आणि कारभार आपल्या हाती, हा त्यातला हेतू अहिल्यादेवींनी ओळखला आणि नकार दिला. दत्तक ही राजकारणातली सोंगटी होऊ शकते, हे त्यांना कळत होते.

गरीब घरातही हिशेब तोच होता, फक्त गादीच्या जागी दोन एकर जमीन आणि पिंडाला पाणी. म्हणून दत्तक नेहमी मुलगा असायचा, शक्यतो भावकीतला. जुन्या हिंदू कायद्यात मुलगी दत्तक घेता येतच नसे. ती सोय 1956 च्या कायद्याने झाली. या प्रवाहाच्या उलट पोहणारे एक घर पुण्यात होते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1863 मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले आणि पुढे काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा यशवंत आपला म्हणून वाढवला. त्यांनी वारसासाठी मूल शोधले नव्हते. मूल समोर होते आणि त्याला आई-बाप हवे होते. पण जोतीराव तेवढ्यावर थांबले नाहीत, हे मला फार महत्त्वाचे वाटते. 1887 मध्ये त्यांनी मृत्युपत्र करून यशवंतला वारस म्हणून लिहून ठेवले. आपल्यामागे भाऊबंद काय म्हणतील हे त्यांना माहीत होते. माया केली, शिकवले, डॉक्टर होण्याच्या वाटेला लावले, तरी कागद केल्याशिवाय मुलाला नाव लागत नाही, हे त्या माणसाने पक्के ओळखले होते.

गावात ‘नाव लागणे’ या शब्दाला वजन आहे. शाळेच्या दाखल्यावर नाव लागते, शिधापत्रिकेवर लागते, शेवटी सातबाऱ्यावर लागते. ओटीत घातलेल्या मुलाची खरी परीक्षा बारशाला होत नाही, वारसनोंदीला होते. समजा सांभाळणारा बाप गेला. तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज आला. मूल वीस-बावीस वर्षांचे झालेले, सगळे गाव त्याला त्याच घरचे म्हणते. तेवढ्यात एक चुलता पुढे होतो आणि विचारतो, ‘ह्याचा कागुद कुठंय?’ घरातून एक घडी पडलेला मुद्रांक निघतो. पूर्वी शंभर रुपयांचा, 2024 च्या ऑक्टोबरनंतर पाचशेचा. त्यावर लिहिलेले असते की आम्ही अमुक आमच्या राजीखुशीने आमचे मूल तमुक यांना कायमचे दिले, यापुढे आमचा त्यावर हक्क नाही. खाली एका बाजूला सही, दुसऱ्या बाजूला अंगठा, दोन साक्षीदार आणि नोटरीचा गोल शिक्का. पाहताना तो कागद अगदी पक्का वाटतो. कायद्याच्या पुढे तो जवळजवळ कोराच असतो.

1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने काही अटी घातल्या आहेत. मूल देण्याचा हक्क जन्मदात्यांचा. ते नसतील तर पालकाचा, तोही न्यायालयाच्या परवानगीने. म्हणजे सुईण, परिचारिका, डॉक्टर किंवा ओळखीतला कोणी मध्यस्थ मूल ‘देऊ’ शकतच नाही, त्याने कितीही चांगल्या मनाने दिले तरी. मूल साधारणपणे पंधरा वर्षांच्या आतले हवे, घेणाऱ्याच्या घरात आधी मुलगा असेल तर दुसरा मुलगा दत्तक घेता येत नाही, आणि देण्याघेण्यात पैसा आला तर तो गुन्हा. देणारा आणि घेणारा दोघांच्या सह्यांचा दस्त नोंदणी कार्यालयात नोंदवलेला असेल, तरच न्यायालय दत्तक कायदेशीर झाले असे गृहीत धरते. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. इतकी साधी गोष्ट सांगणारा माणूस तहसीलच्या आवारात भेटत नाही.

अकोल्यासाठी याहून मोठी गोष्ट पुढे आहे आणि ती वकिलांच्या वर्तुळाबाहेर क्वचितच कोणी बोलते. हा तालुका मोठ्या प्रमाणात महादेव कोळी आणि ठाकर समाजाचा. 1956 च्या कायद्यातच कलम 2 मध्ये लिहिले आहे की केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय तो अनुसूचित जमातींना लागू नाही. हेतू चांगला होता. आदिवासींच्या रूढींवर बाहेरचा कायदा लादू नये हा. पण परिणाम असा की डोंगरातल्या एखाद्या आदिवासी कुटुंबाने अगदी सगळे रीतसर केले, दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवला, तरी समोरचा वकील उठून म्हणू शकतो की हा कायदा यांना नाहीच. मग त्या मुलाला आपल्या जमातीत दत्तकाची रूढी आहे, ती जुनी आहे, अखंड पाळली गेली आहे, हे साक्षीपुराव्याने सिद्ध करावे लागते. लिहून न ठेवलेली रूढी न्यायालयात सिद्ध करण्याचे ओझे त्या पोरक्या मुलाच्या डोक्यावर!

रूढीचा मान राखावा, हा आक्षेप मला मनापासून पटतो. आदिवासी पाड्यावर पोरके मूल उघड्यावर पडत नाही. काका, मामा, आजी कोणीतरी त्याला घरात घेतेच, आणि ही गोष्ट शहरातल्या पुष्कळ घरांना शिकण्यासारखी आहे. पण रूढी मुलाला भाकरी आणि माया देते. भावकी एका बाजूला गेल्यावर जो पुरावा लागतो, तो तिच्याकडे नसतो. त्यासाठी दुसरा रस्ता आहे आणि तो सर्वांना खुला आहे: बाल न्याय अधिनियम 2015. तो जात, जमात, धर्म पाहत नाही. त्याआधीच्या बाल न्याय कायद्याविषयीही 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शबनम हाश्मी खटल्यात हेच स्पष्ट केले होते की व्यक्तिगत कायदा काहीही असो, ज्याला या मार्गाने दत्तक घ्यायचे आहे त्याला ते घेता येते. नातेवाइकांसाठी 2015 च्या कायद्यात वेगळी वाट आहे. काका, आत्या, मामा, मावशी, आजी-आजोबा यांना ती वापरता येते आणि त्यांना त्या 35 हजारांच्या रांगेत उभे राहावे लागत नाही. मूल तेच, घर तेच. जन्मदात्यांची लेखी संमती, ते हयात नसतील तर बाल कल्याण समितीची परवानगी, जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा अहवाल आणि शेवटी जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश. 1 सप्टेंबर 2022 पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. अकोल्याहून अहिल्यानगर शंभर किलोमीटरहून जास्त लांब आहे, रोजगार बुडतो, हे खरे. पण ही खेप एकदाच करायची असते, आणि तिच्या शेवटी मुलाच्या जन्मदाखल्यावर सांभाळणाऱ्यांचे नाव आई-वडील म्हणून येते. त्या कागदावर कोणा चुलत्याला प्रश्न विचारता येत नाही.

आता देणाऱ्या आईकडे येऊ, कारण तिच्याविषयी सगळ्यात जास्त गैरसमज आहे. लग्नाआधी दिवस गेलेली मुलगी, नवऱ्याने टाकलेली बाई, द्राक्षाच्या नाहीतर टोमॅटोच्या हंगामात नारायणगावकडे मजुरीला गेलेली आणि तिथे फसवली गेलेली पोर. तिच्यासमोर गाव दोनच वाटा ठेवते: बाळ कोणाला तरी गुपचूप देणे, नाहीतर कुठेतरी ठेवून येणे. तिसरी वाट कायद्याची आहे आणि तिच्यात तिला शिक्षा नाही. ती बाल कल्याण समितीपुढे बाळ रीतसर सुपूर्द करू शकते. समिती आधी तिला समजावते, बाळ तिच्यापाशी राहावे म्हणून काही करता येईल का हे पाहते. सुपूर्द केल्यावरही तिला 60 दिवस मिळतात. त्या मुदतीत मन बदलले तर बाळ परत मिळू शकते. तिचे नाव गुप्त राहते. ज्यांना समितीपुढे जाण्याचेही धैर्य होत नाही, त्यांच्यासाठी दत्तक संस्थांच्या दाराशी पाळणा असतो. अहिल्यानगरात स्नेहालय संस्थेचे स्नेहांकुर हे दत्तक केंद्र आहे, शेजारी नाशिकला आधाराश्रम आहे. 1875 मध्ये पंढरपुरात लालशंकर उमियाशंकरांनी विधवांच्या बाळांसाठी आश्रम काढला, म्हणजे महाराष्ट्रात हे दार तेव्हाही उघडे होते. उलट बाळ उघड्यावर टाकणे हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेत त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि पैसे घेऊन बाळ देणे-घेणे याला बाल न्याय कायद्यात पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. पण शिक्षेचे आकडे आधी सांगून चालत नाही. पोलिसांच्या भीतीने बाई सुरक्षित पाळण्याकडे न जाता अंधारात उसाच्या फडाकडे वळते. आशाताई, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील यांना पहिले वाक्य हे पाठ हवे: बाळ रीतसर देऊन टाकणे गुन्हा नाही, टाकून देणे गुन्हा आहे.

यावर एक आक्षेप असा घेतला जातो की ही सगळी यंत्रणा शेवटी गरिबाचे मूल श्रीमंताच्या घरी पोचवते. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. 1984 मध्ये लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला परदेशी दत्तकांसाठी नियम घालावे लागले, ते याच भीतीपोटी. पुण्यातल्या एका संस्थेवर मुलांच्या व्यवहाराचे आरोप झाले आणि 2010 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला. एकच देशव्यापी यादी, ठरलेले शुल्क आणि त्याची पावती, संस्थेने परस्पर मूल दाखवायचे नाही हे नियम अशा अनुभवांतून घट्ट होत गेले. म्हणून दत्तकाचा प्रचार करणाऱ्यानेच हे आधी मोठ्याने सांगायला हवे की केवळ गरिबी हे मूल देण्याचे कारण होऊ नये. आई-बाप किंवा त्यातले एक गेले, आजीकडे पोर आहे, पैसा नाही, अशा घरासाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजना आहे. महिन्याला 2,250 रुपये मिळतात. त्या पोराला नवे आई-बाप नको आहेत, त्याला आजीच्या घरी राहून शाळा शिकायची आहे. दत्तक आणि संगोपन यांतला हा फरक गावात कोणी समजावून सांगितला, तर कितीतरी मुले आपल्याच माणसांत राहतील. दत्तक त्या मुलासाठी, ज्याच्यामागे खरोखर कोणी उरलेले नाही किंवा ज्याच्या आईने पूर्ण विचाराने आपला हात सोडवून घेतला आहे.

दुसरा आक्षेप घेणाऱ्यांचा. बाळ आज दवाखान्यात आहे, आम्ही तयार आहोत, आईची ना नाही, मग साडेतीन वर्षांची रांग आमच्या नशिबी का? त्यांची तळमळ खोटी नाही. पण त्या बाळाच्या बाजूने विचार केला तर रांगेचा अर्थ वेगळा दिसतो. रांगेत घरभेट होते, आजार, उत्पन्न, वय पाहिले जाते. दोन वर्षांच्या आतले बाळ हवे असेल तर नवरा-बायकोच्या वयाची बेरीज 85 च्या आत हवी, म्हणजे मूल कमावते होण्याआधी ते दुसऱ्यांदा पोरके होऊ नये. मूल घरी आल्यावरही दोन वर्षे कार्यकर्ता येऊन पाहून जातो. परस्पर घेतलेल्या बाळाला यातले काहीच नसते. उद्या बाळ आजारी निघाले, घरात स्वतःचे मूल झाले, नवरा-बायकोचे बिनसले, तर ते बाळ ज्या हाताने आले त्याच हाताने परत जाते, आणि त्याची कुठेही नोंद नसते. शिवाय असे परस्पर घेणे बाल न्याय कायद्याने गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख दंड. प्रेमाने वाढवलेले मूल एका तक्रारीवरून समितीपुढे उभे राहावे, यासारखी शिक्षा त्या आईलाही नाही आणि मुलालाही नाही.

मग येतो रक्ताचा प्रश्न. ‘कोणाचं रक्त, कुठलं रक्त’, हे वाक्य दत्तक घेणाऱ्या प्रत्येक घराला ऐकवले जाते, आणि त्याच्याच धाकाने घर गाव बदलते, पोट बांधून बाळंतपणाचे नाटक करते, मुलापासून सत्य लपवते. पण गाव लपवू देत नाही. मूल दहा-बारा वर्षांचे झाले की कुठल्या तरी भांडणात, विहिरीवर किंवा शाळेच्या मैदानात, कोणीतरी ते बोलून टाकते. सत्य आईच्या तोंडून कळलेले मूल आणि शत्रूच्या तोंडून कळलेले मूल यांत फार अंतर पडते. म्हणून जाणते समुपदेशक सांगतात की तीन-चार वर्षांचे असल्यापासून गोष्टीसारखे सांगत जावे, की तू पोटातून नाही आलास, आम्ही तुला आणायला गेलो होतो. मोठेपणी त्याला मुळाचा शोध घ्यावासा वाटला तर त्यालाही वाट आहे. अठरा पूर्ण झाल्यावर ते संस्थेकडे अर्ज करू शकते. जन्मदात्या आईने नाव उघड करू नका म्हटले असेल तर तिच्या संमतीवाचून ते सांगितले जात नाही. दोघांचाही मान राखणारी ही तडजोड आहे. ती शक्य होते ती फाइल असल्यामुळे. दक्षिण कोरियातून दशकानुदशके हजारो मुले परदेशी गेली. 2025 च्या मार्चमध्ये तिथल्या सत्यशोधन आयोगाने जाहीर केले की त्यांतल्या अनेकांच्या नोंदी खोट्या होत्या, आई-बाप हयात असताना अनाथ म्हणून लिहिले होते. त्यांतली कित्येक आज पन्नाशीची आहेत आणि आपली आई कोण हे शोधायला त्यांच्याकडे खरा कागद नाही. आपल्या मुद्रांकावरच्या मुलांची गत याहून वेगळी नाही. तिथे नोंद खोटी, इथे नोंदच नाही.

रांगेतल्या कुटुंबांविषयी एक गोष्ट बोलायची राहते. यादीतली पुष्कळशी मुले पाच, सात, नऊ वर्षांची आहेत, कोणी दोघे भावंडे आहेत, कोणाला ऐकू येत नाही, कोणाच्या पायात अधूपणा आहे. त्यांच्यासाठी रांग नाही, ती काराच्या ‘तत्काळ’ यादीत दिसतात आणि दिसतच राहतात. समाधानाची बाब अशी की मुलींना आता मुलांपेक्षा जास्त घरे मिळतात. पिंडदानाच्या दत्तकापासून आपण इतके तरी पुढे आलो. पण मोठे मूल नको, ‘त्याला सगळं कळतं’, हे अजून गेलेले नाही. आणि कायद्याला नेमके ते कळणेच हवे आहे. मूल पाच वर्षांचे झाले असेल तर दत्तकासाठी त्याची स्वतःची संमती लागते. गादीवर बसवलेल्या राजपुत्रांना कोणी विचारले नव्हते, ओटीत घातलेल्या बाळांना कोणी विचारत नाही. इथे मात्र अंगणवाडीच्या वयाच्या पोराला समोर बसवून, त्याला कळेल अशा भाषेत विचारावे लागते की तुला यांच्या घरी राहायला जायचे आहे का. ते नाही म्हणाले तर पुढचा कागद होत नाही.